तोसेबाईंची भातवाढी

आमच्या गावामागच्या डोंगरावर सगळं बुनाचंच रान. बुना म्हणजे इथला बीच वृक्ष. ज्या वर्षी तो भरभरून फळतो, त्या वर्षी अस्वलांची आणि उंदरांची चंगळ. पुढच्या वसंतात बर्फ वितळलं की बुंध्याशी रोपांची ही गर्दी! पण आईच्याच सावलीत बहुतेक सगळी कुजून जातात. उरतात ती चिवट रोपं, बोटाएवढी जाड, वर्षानुवर्षं तेवढीच. म्हातारं झाड पडेल तेव्हा त्यांना ऊन मिळणार.

शेजारच्या शिगेनोचं तसंच होतं. दोन पोरं झाली तरी भातवाढी, म्हणजे भात वाढायची लाकडी पळी, सासूच्याच हातात. आमच्याकडे जिच्या हाती भातवाढी, तिचं घर. तोसेबाई ती कमरेला खोचून फिरायच्या आणि सुनेच्या वाडग्यात तळाची करपलेली खरवड टाकायच्या. वर म्हणायच्या, "हिला कशाला लागतेय भूक? समुद्रकाठची पोर, जन्मभराचं खाऊन आलीये."

त्या शरदात शिगेनोचे वडील पहिल्यांदाच लेकीकडे येणार होते. वादळात पडलेल्या जुन्या बुनावरून अळंबी आणायला तोसेबाईंनी तिला पाठवलं. त्या खोडावर दोन जातींची अळंबी येतात, दिसायला जुळी. एक चवीची, दुसरी आतडी पिळून काढणारी. देठ फाडला की विषारी अळंब्यात काळा डाग दिसतो. फाडून बघायचा मान तोसेबाईंचा, आणि त्यांचा हात कधी चुकला नव्हता. त्यांनी टोपलीतली अळंबी एकेक फाडून निवडली.

"सगळी चांगली आहेत. मस्त रस्सा कर. पहिला वाडगा तुझ्या बापाला."

मी शेजारीण, मदतीला गेले होते. थोड्या वेळानं शिगेनोनं कोठीतून हाक मारली. "काकू, आत या. दार लावून घ्या."

बिनखिडकीच्या कोठीत अंधार गुडुप्प. आणि अर्धी टोपली हिरवट उजेडानं चमकत होती. विषारी अळंबी अंधारात चमकतात हे आमच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. समुद्रकाठच्या सुनेला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"सासूबाईंनी एकेक फाडून बघितलंय ना?"

"हो गं."

"म्हणजे डाग दिसला त्यांना."

बाप लेकीच्या हातचं खाऊन आडवा झाला असता, तर तिला त्याच दिवशी माहेरी हाकललं असतं.

"फेकून दे, बाई," मी म्हटलं.

"फेकणारच आहे. एक वाडगा सोडून."

संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसले. शिगेनोनं पहिला वाडगा दोन्ही हातांनी सासूपुढे धरला. "आई, तुम्ही निवडलेली अळंबी. तुम्ही चाखल्याशिवाय बाबा कसे खातील?"

तिच्या भोळ्या वडिलांनी मान लववली. "खरंय. आधी विहीणबाई."

"मला भूक नाही," तोसेबाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा हसला. "काय गं आई, स्वतःच्या हातावर भरवसा नाही?"

काळा डाग दिसला होता, एवढं म्हटलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. पण मग कधी दिसला तेही सांगावं लागलं असतं. तोसेबाईंनी वाडगा तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

शिगेनो रश्श्याचं भांडं घेऊन उठली, अडखळली, आणि सगळा रस्सा राखेत. "अगं बाई! कसली मी वेंधळी!" मी तिच्या पायाकडे बघत होते. अडखळायला तिथे काहीच नव्हतं. माशाचा रस्सा आत तयार होता.

पुढे कितीतरी दिवस तोसेबाई ओकत होत्या. मरता मरता वाचल्या. विचारायला येईल त्याला सांगायच्या, "वय झालं. डोळे गेले. डाग दिसलाच नाही." दुष्ट ठरण्यापेक्षा आंधळं ठरणं त्यांनी पत्करलं. पण आंधळीच्या हाती स्वयंपाकघर कोण ठेवील? मुलानंच त्यांच्या कमरेची भातवाढी काढून बायकोला दिली.

नंतर एकदा मी गेले तेव्हा जेवण चाललं होतं. शिगेनोनं सासूच्या वाडग्यात तळाची खरवड टाकली. मला तोसेबाईंची दया यायला हवी होती. नाही आली.

त्यांनी वाडगा उचलला, भिंतीला धरत धरत त्याच अंधाऱ्या कोठीत गेल्या आणि आतून दार लावून घेतलं.

"रोजचंच आहे, काकू," असं म्हणून शिगेनोनं दाराकडे बघत आवाज चढवला, "बघा हं आई, नीट बघा! डोळे गेलेत ना तुमचे!"