लिंबोणीवर पांघरलेली रजई

कर्र... पेटीचं झाकण वाजलं आणि माझी लांबलेली झोप मोडली.

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. जुनी म्हणा, विटकी म्हणा. पण चिंधी म्हणालात तर ऐकून घेणार नाही! या घरातली बाळं माझ्या कुशीत वाढली. "काय ऊब आहे हिची!" म्हणत सगळ्यांनी मला गालाशी धरलं. मग हलकी, मऊ पांघरुणं आली आणि मी पेटीत गेले.

"कुत्र्याखाली टाक ती," आजी म्हणाल्या.

"कुत्र्याला नाही, लिंबोणीला हवीय. आज दव गोठणार," सून म्हणाली.

मागच्या अंगणातली ती लिंबोणी तिने लेकीच्या जन्माच्या वेळी लावली होती. दर हिवाळ्यात झाड करपायचं. "यंदा करपलं तर उपटायचं," सासऱ्यांनी बजावलं होतं. आणि यंदाच त्याला पहिली लिंबं धरली होती.

सुनेच्या नवऱ्याने मला फांद्यांभोवती गुंडाळून खोडाशी सुतळीने करकचून आवळलं. दर वर्षी चादर अशीच बांधली जायची.

"अहो, गाठोडं का बांधताय?" सून म्हणाली. " गेल्या वर्षी चादरीचं एक टोक सुटून जमिनीला टेकलं होतं, तिथलीच पानं वाचली. ऊब मातीत असते. तिला वर यायला वाट नको?"

सुतळी सुटली. काठ्यांवरून मी तंबूसारखी जमिनीपर्यंत उतरले. कडांवर विटा आल्या.

शेजारचे काका कुंपणापलीकडून हसले. "वहिनी, आता अंगाईपण गा!"

"गाईन की! तुमच्याही लिंबोणीवर काहीतरी टाका."

"आमचं झाड दणकट आहे हो!"

मग थंडी आली. मी तिला म्हटलं, ये! तान्ह्या लेकरांना तुला शिवू दिलं नाही, हे झाड बरी देईन!

सकाळी मी पांढरी, फळीसारखी ताठ झाले होते. सुनेने मला उचललं. आत पानं हिरवीगार, लिंबं घट्ट. सासऱ्यांनी एक पान चाचपलं. "राहू दे," म्हणाले आणि आत गेले.

मित्रांनो, जुन्याला पेटीत कोंडून विसरू नका. आणि पांघरूण घालाल तेव्हा जमिनीपर्यंत घाला. अर्धवट माया थंडीला अडवत नाही.

पलीकडची लिंबोणी मात्र काळी पडली होती. काका तिची करपलेली पानं खुडत होते. लेकीने आईचा हात ओढला.

"आई, हसले तर काका होते. मग झाड का गं करपलं?"