दोन घरांचा फरक

प्रकाश पडला की रेणूतला बंध तुटायला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहाहजारावा भाग पुरतो. तेच तुटणं संगणकात घडवून, त्यावर संगणकातलेच क्ष-किरण सोडून आलेख काढायला हिलेवीला पाच वर्षं लागली. स्वीडनमधल्या उप्सालाच्या विद्यापीठात याला कुणी हसत नाही.

आज बारा वाजता, तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, तिचा प्रबंध विद्यापीठाच्या फळीवर खिळ्याने ठोकायचा होता. ठोकला नाही तर तीन आठवड्यांनी परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर पदवी नाही. छापील प्रती आल्या होत्या, हातोडा आला होता. आणि नेमका दहा वाजता टोर्केलचा पक्का आलेख आला. टोर्केल म्हणजे तळघरातल्या यंत्रातून त्याच रेणूवर खरे क्ष-किरण सोडणारा.

हिलेवीने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. शिखरावर शिखर बसायला हवं होतं; पण दोन शिखरं, मध्ये आलेखाच्या कागदाची दोन घरं मोकळी.

टोर्केल कॉफीच्या खोलीत दालचिनीचा बन खात होता.

"अरे, वसंतातल्या कच्च्या आलेखात तुझं शिखर माझ्या डावीकडे होतं. आता उजवीकडे कसं?"

"मी सरकवलं. तुझा आलेख बघितला, म्हटलं आपलंच यंत्र बिघडलंय. तू कशाला चुकशील?"

"गाढवा, मी माझं सरकवलं! तुझ्याकडे!"

बन हवेतच राहिला.

गणित थोडं सरकवून मापाला जुळवायचं आणि तळटीपेत एक ओळ टाकायची, ही या धंद्यातली जुनी रीत. पण मापही उठून गणिताच्या जागी जाऊन बसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोघांनी इतक्या सभ्यपणे एकमेकांना जागा दिली, की दोघंही चुकले.

मार्गदर्शक गुन्नेलने कप खाली ठेवला. "त्यात काय! दोघंही एकेक घर मागे या. मध्ये भेटा."

"आणि खरं काय ते?"

"ते तिथेच कुठेतरी आसपास असेल गं."

हिलेवीला क्षणभर मोह झाला. पाच वर्षं काय थोडी होतात? मग ती छपाईयंत्राकडे गेली. चिठ्ठी निघाली: 'चित्र सात: सरकवणं रद्द. गणित आणि माप यांत दोन घरांचा फरक आहे. कारण मला माहीत नाही.'

"पोस्टमा तुला सोलून काढेल," गुन्नेल म्हणाली. पोस्टमा म्हणजे ग्रोनिंगेनहून येणारा परीक्षक.

"काढू दे. टोर्केल, डिंक आण."

साठ प्रतींत साठ चिठ्ठ्या चिकटल्या. बाराला पाच कमी असताना प्रबंध फळीवर ठोकला गेला.

चौथ्या दिवशी पोस्टमाचं पत्र आलं. हिलेवीने ते उभ्या उभ्याच वाचलं.

'प्रबंध उत्तम. ती दोन घरं आमच्याकडेही आहेत. नऊ वर्षं आम्ही ती सरकवतोय. एक विनंती आहे: परीक्षेत मी तुला याबद्दल विचारणार नाही, तूही मला विचारू नकोस.'