मोलेतांच्या घरचा धूर

“आधी पोतं आणा,” इल्दा म्हणाली.

दुकानातल्या माणसाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मघापासून तो या मायलेकींना शेगड्यांच्या रांगेपुढून फिरवत होता. काचेचं दार, मंद आवाज, हव्या त्या रंगाचा पत्रा, सगळं सांगून त्याच्या घशाला कोरड पडली होती.

“पोतं? कसलं?”

“पेलेटचं. भरलेलं. ओतून बघितल्याशिवाय कशी घेऊ?”

ओर्नेल्लाचे कान लाल झाले. “आई, पोती घरपोच येतात.”

“घरी येतील गं. शेगडीत कोण ओतणार? तू रोज वेरोनाहून येणार?”

पोतं आलं. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. इल्दाने पोतं उचलायचा प्रयत्नही केला नाही. पिशवीतून तिने घरचं पीठ काढायचं दांड्याचं मापटं काढलं, पोत्यात खुपसलं आणि एकेका शेगडीचं वरचं झाकण उघडून ते ओतता येतं का ते पाहू लागली. तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. उंच, देखण्या शेगड्या एकेक करून बाद झाल्या. शेवटी कोपऱ्यातल्या एका बुटक्या, चॉकलेटी शेगडीपाशी ती थांबली. मापटं सहज रिकामं झालं.

“ही.”

“ही तुमच्या घराला कमी पडेल हो,” दुकानदार म्हणाला. “वर दोन खोल्या आहेत म्हणालात ना?”

“वरती बटाटे आणि सफरचंदं असतात. त्यांना थंडीच लागते.”

ओर्नेल्लाला हसू आलं आणि तिने हात टेकले. खरं तर तिला शेगडी घ्यायचीच नव्हती, तिला आईला घेऊन जायचं होतं. वेरोनाच्या फ्लॅटमधली एक खोली तिने केव्हापासून रिकामी ठेवली होती. निदान हिवाळ्यापुरतं तरी ये, हे पालुपद ती तीन वर्षं आळवत होती. मागच्या जानेवारीत इल्दा लाकडाची टोपली घेऊन अंगणातल्या बर्फावर घसरली, खांदा निखळला, आणि सकाळभर तिथेच पडून राहिली. शेजारच्या ग्वेरिनोला तिच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून तो बघायला आला, म्हणून ती वाचली. त्यानंतर आईने आणि लेकीने एक तह केला. लाकडं फोडायची नाहीत, वाहायची नाहीत. घर आपोआप उबदार राहिलं तर आईने गावात राहावं, नाहीतर पहिल्या बर्फाला निमूट गाडीत बसावं.

इल्दाला निमूट बसणं जन्मात जमलं नव्हतं. ती तीस वर्षं सफरचंदाच्या गोदामात पट्ट्यापाशी उभी राहून डागाळलेली फळं बाजूला काढत आली होती. वस्तू हातात घेऊनच तिचा निर्णय व्हायचा.

ऑक्टोबरात देनिस शेगडी बसवायला आला. गावातलाच पोरगा, आता चाळिशीला आलेला. त्याने छपरावर चढून धुराड्यात डोकावलं, खाली येऊन स्वयंपाकघरातल्या जुन्या लोखंडी चुलीकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“इल्दाकाकू, एक सांगायचंय. एका धुराड्याला दोन तोंडं चालत नाहीत. आत पोलादी नळी सोडली की ती नव्या शेगडीची. चुलीचं तोंड बंद करावं लागेल.”

“म्हणजे चूल न्यायची?”

“राहू दे की. तिच्यावर ओटा करून गॅस ठेवा. फक्त पेटवायची नाही.”

“पुढे कधी परत जोडता येईल?”

“येईल,” देनिस म्हणाला. “पण कोणी जोडत नाही.”

इल्दा चुलीशेजारच्या बाकावर बसली. त्या बाकावर तुलियो रोज संध्याकाळी बूट काढून पाय शेकत बसायचा आणि ती रोज ओरडायची, की चुलीवरच्या पोलेंताला, मक्याच्या पिठाच्या घट्ट घाट्याला, मोज्यांचा वास लागेल. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. ओरडायला कोणी उरलं नव्हतं, तरी चूल पेटवताना तिला अजून तो वास आठवायचा आणि बरं वाटायचं. देनिसने उगाचच हत्यारं उलटसुलट लावली.

“बंद कर,” ती म्हणाली. “पण झाकण नीट बसव. काजळी गळायला नको.”

दिवसभर काम चाललं. भिंतीत हवेसाठी भोक पडलं, शेगडीखाली जाड काच आली, धुराड्यातून नळी खडखडत खाली उतरली. संध्याकाळी देनिसने बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग आत कांड्या टपटप पडल्या, थोडा धूर झाला आणि काचेमागे ज्योत उभी राहिली. नव्या रंगाचा वास घरभर पसरला, म्हणून थंडीत सगळ्या खिडक्या उघडून दोघं ओव्हरकोट घालून शेगडीपुढे बसली, आणि ते बघून ग्वेरिनो कुंपणापलीकडे पोट धरून हसला.

शेगडी गुणी निघाली. सकाळी आधीच तापलेली असायची. इल्दाने फक्त आतली वाटी काढून खरवडायची, राख काढायची, मापट्याने पेलेट ओतायचे. ओर्नेल्लाच्या फोनवरूनही ती चालायची. एकदा दुपारी घर एवढं तापलं, की इल्दाने स्वेटर काढला आणि लेकीला फोन लावला.

“तू काही केलंस का?”

“तुमच्याकडे थंडी पडलीय म्हणे, म्हणून वाढवली.”

“अगं, मी काय पाव आहे भाजायला?”

तरी ते तिला आवडलं. लेकीचा हात एवढ्या लांबून पाठीवर फिरतो, असं तिने ग्वेरिनोला सांगितलं, आणि लगेच वर हेही सांगितलं, की हात जरा गरमच आहे.

ग्वेरिनोची मात्र पंचाईत झाली. पहिले आठ दिवस तो रोज सकाळी दार ठोठावायचा.

“धूर नाही दिसला. म्हटलं, गेलीस की काय.”

“या शेगडीला धूर नसतो रे. किती वेळा सांगू?”

“मग तू जिवंत आहेस हे कळायचं कसं?”

“कॉफीला आलास की कळेल.”

तो कॉफीला येऊ लागला. त्याच्या स्वतःच्या कमरेत दुखणं होतं, पण लाकडावाचून त्याचं चालत नव्हतं.

धुराची ही गोष्ट तेवढ्यावर मिटली असती. पण नोव्हेंबरात संत मार्तिनोच्या सणानंतरचा रविवार आला. गावाच्या सामाईक जंगलातलं लाकूड त्या दिवशी चिठ्ठ्या टाकून घरोघरी वाटतात. गावातली निम्मी घरं आता शहरातल्या लोकांची, ऑगस्टात उघडणारी. त्यांना वाटा नाही. वाटा फक्त हिवाळा इथे काढणाऱ्या घराला, आणि ते ठरवायची रीत आजोबा-पणजोबांपासूनची. वनराखा चेझारे सकाळी चर्चच्या अंगणातल्या कठड्यापाशी उभा राहतो आणि खालच्या उतारावरचे धूर मोजतो. दुपारी चौकात घराचं नाव पुकारतात. घरातल्याने म्हणायचं, “पेटलीय.” मग पिशवीत हात घालायचा.

तुलियोच्या घराला सगळे मोलेता, म्हणजे धारवाले, म्हणत. त्याचा आजा गावोगाव सुऱ्यांना धार लावत फिरायचा. चाळीसएक वर्षं चौकात तुलियो “पेटलीय” म्हणाला होता आणि चाळीसएक वर्षं त्याच्या वाट्याला दरीतली, ओढून आणायला त्रासाची लाकडं आली होती. गेली तीन वर्षं इल्दा म्हणत होती.

या वर्षी ती चांगला कोट घालून चौकात गेली. नावं पुकारून झाली. पिशवी रिकामी झाली. मोलेता आलं नाही.

“माझं राहिलं,” ती म्हणाली.

चेझारेने पुन्हा पाहिलं आणि तो ओशाळला. “इल्दा, तुझ्या घरचा धूर नव्हता. मला वाटलं, ओर्नेल्ला तुला घेऊन गेली.”

“मी इथे तुझ्यासमोर उभी आहे.”

“तू आहेस गं. पण धूर नव्हता.”

“घरात येऊन बस. घाम फुटेल तुला.”

लोक हसले, चेझारे हसला नाही. तो नियमाचा माणूस होता. “नियमात धूर लिहिलाय. शेगडी नाही, घाम नाही. आज तुला सूट दिली तर उद्या मिलानवाले शेगड्या दाखवायला येतील.” मग तो जरा नरमला. “पुढच्या रविवारी फेरमोजणी करतो. दरीतला जंगलाचा एक तुकडा शिल्लक आहे. धूर दिसला तर तो तुझा.”

घरी परतताना ग्वेरिनो तिच्याबरोबर लंगडत चालला होता. “तुला लाकूड हवंय कशाला? जाळायला चूल नाही.”

“जाळायला नकोच आहे. तो तुकडा तू घे.”

“मग?”

इल्दा थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. “नाव पुकारायला हवंय, ग्वेरिनो. मी इथे राहावं म्हणून ती शेगडी घेतली. आणि त्या शेगडीनेच मला गावातून काढलं.”

 ग्वेरिनोने तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

आठवडाभर ती सज्ज्याखाली बघत होती. तिथे पेलेटची पोती रचलेली होती, आणि त्यांच्या शेजारी तुलियोने फोडून ठेवलेल्या लाकडांची शेवटची, आता गुडघ्याएवढीच उरलेली ओळ होती. तो जाण्याआधी चार हिवाळ्यांचं लाकूड रचून गेला होता. साल वर, टोकं सरळ रेषेत, भिंत बांधावी तशी. इल्दाने ते पुरवून पुरवून वापरलं होतं. ही ओळ जाळायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पोत्यांना जागा करायला ओर्नेल्लाने ती हलवू म्हटलं, तेव्हा तिने लेकीला दोन दिवस फोन केला नव्हता.

रविवारी सकाळी तिने अंगणात लोखंडी तिवई मांडली. त्यावर तांब्याचा मोठा हंडा ठेवला, सणासुदीचा. पाणी, मीठ. मग सज्ज्याखाली जाऊन ती ओळीतलं वरचं एक लाकूड डाव्या हाताने उचलून घेऊन आली. मग दुसरं. लाकूड इतकं वाळलं होतं, की त्याचा धूर होईना. ग्वेरिनो कुंपणावरून डोकावला, परिस्थिती त्याच्या लक्षात आली आणि तो आपल्याकडची ओली फांदी घेऊन आला.

“तुलियोचं लाकूड कधीच धूर करायचं नाही,” तो म्हणाला. “तुझ्या नवऱ्याने हीच एक चूक केली बघ, कामात खोट ठेवली नाही.”

“टाक ती फांदी आणि गप्प बस.”

पांढरा, दाट धूर छपराच्या वर चढला. इल्दाने मक्याचं पीठ मुठीमुठीने सोडलं आणि डाव्या हाताने ढवळू लागली. पोलेंता अर्धवट सोडून कुठे जाता येत नाही, गाठी होतात. वर चर्चच्या कठड्यापाशी चेझारे येऊन उभा राहिलेला तिला दिसला. त्याच्यामागे आणखी माणसं जमली. तो बराच वेळ खाली बघत होता. नियमात धूर लिहिला होता. धुराडं कोणी लिहिलं नव्हतं, आणि ते त्याला बहुतेक तेव्हाच कळलं.

“मोलेता,” त्याने वरून पुकारलं.

“पेटलीय,” इल्दा म्हणाली. आवाज लहान आला. ग्वेरिनोने तो मोठ्याने वर पोचवला.

चेझारे चिठ्ठी घेऊन स्वतः खाली आला, आणि वास आल्यामुळे आणखी पाच-सहा जण आले. इल्दाने पोलेंता पाटावर उपडी केली, दोऱ्याने कापली, बरोबर चीज वाढलं. चेझारेने बोटं चाटत कबूल केलं, की शेगडीवर असली होत नाही.

“शेगडीवर स्वयंपाक होतच नाही,” ती म्हणाली. “ती फक्त मला इथे ठेवते.”

सगळे गेल्यावर फोन वाजला. ओर्नेल्ला विचारत होती, शेगडी सकाळपासून बंद का दिसतेय, तू बरी आहेस ना. इल्दा म्हणाली, मी बरी आहे, आज बाहेर पेटवली होती, आता आत पेटवते.

तिवई आवरून ती सज्ज्याखाली गेली. ओळ संपली होती. तिच्या मागची भिंत इतकी वर्षं झाकलेली होती, म्हणून तेवढाच चुना नवा, पांढरा दिसत होता. इल्दाने त्यावरून तळहात फिरवला. मग पेलेटची पोती त्या जागेपासून चार बोटं अलीकडेच राहतील, अशी पायाने सरकवून नीट लावली आणि मापटं भरून घेऊन घरात गेली.