हार केबिनला, भार मला

मित्रांनो, गावात एखादी पिकअप आली की तुम्ही तिचा रंग बघता, काचेवर काय लिहिलंय ते वाचता, हॉर्न कसा वाजतो ते ऐकता. मला मात्र कुणी बघत नाही, कारण मला बघायचं तर जमिनीवर उताणं पडावं लागतं. मी एक जुनी चासी आहे. गाडीच्या पोटाखाली दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात ना, ती मी. इंजिन, केबिन, मागचा हौदा, हौद्यातला माल आणि केबिनमधली माणसं, सगळं माझ्या जिवावर उभं असतं. ही बढाई नाही. बरं, थोडी आहेच. माझ्यासाठी ती दुसरं कोण मारणार?

कारखान्यात आधी मी तयार झाले. मग वरून साखळीला लटकत केबिन आली, पांढरीशुभ्र, आणि माझ्यावर बसली. तेव्हापासून आम्ही एका घरातल्या जावा. थोरली मी, पण मान पहिल्या दिवसापासून धाकटीला.

उदगीरच्या विरूपाक्षनं आम्हाला घरी आणलं, त्याला चौदा वर्षं झाली. त्याची बायको उमादेवी मिरची कांडपाची गिरणी चालवते. गाडी दारात आली तेव्हा उमादेवीनं केबिनला ओवाळलं, केबिनच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. फोडलेल्या नारळाचं पाणी तेवढं ओघळत माझ्यापर्यंत आलं. पुढे दर खंडेनवमीला हेच. केबिनला हार, आणि मला त्या हारातून गळालेल्या पाकळ्या. माझ्या पोटात दुखायचं, मित्रांनो. उगाच कशाला लपवू?

सुरुवातीची सात वर्षं विरूपाक्षनं खताची पोती वाहिली. फाटक्या पोत्यांतून सांडलेलं खत माझ्या खोबणीत साचायचं, ओल धरायचं आणि मला हळूहळू खायचं. गाडी धुवायला नेली की केबिनला फेस लावून चोळायचे, काच पुसायचे, आरशालासुद्धा फडकं मारायचे. माझ्या वाट्याला तिच्या अंगावरून उतरलेलं मळकं पाणी. "गाडी कशी नव्यासारखी ठेवलीय!" असं लोक म्हणायचे तेव्हा केबिन उन्हात चमकायची आणि मला माझ्या अंगावरचे गंजाचे पापुद्रे टोचायचे.

मग गेल्या वर्षी एका खड्ड्यात मला तडा गेला. केबिनच्या जरा मागे, डाव्या बाजूला, नखाएवढा. मी करकरू लागले. मला वाटलं, आता तरी कुणी वाकून बघेल. विरूपाक्षनं कान दिला, दोनदा दार उघडलं, दोनदा लावलं आणि म्हणाला, "दार वाजायलंय." त्यानं दाराला तेल घातलं आणि लगे हात केबिनला नवा लाल रंगही देऊन आणला. दुखणं माझं आणि नवं लुगडं तिला! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, एकदा मोडूनच पडते. ही लालबुंद राणी तोंडावर आपटू दे, मग कळेल कोण कुणाच्या जिवावर मिरवत होतं.

मोडायची संधी लवकरच आली. उमादेवीला धर्माबादहून मिरची आणायची होती. मिरची ती स्वतः बोटांनी चोळून, वास घेऊन निवडते, म्हणून तीही सोबत आली. परतताना माझ्यावर तीस पोती होती आणि एकेका गतिरोधकाला माझा तडा पुढे सरकत होता. मी खाली वाकत चालले होते. अजून एक मोठा दणका आणि माझं म्हणणं खरं होणार होतं.

तेवढ्यात वर उमादेवी बोलली, "अहो, जरा सावकाश घ्या की. मागून पाठीत धक्के बसायलेत."

आणि मला धस्स झालं. मी इतकी वर्षं केबिनवर जळत होते, पण केबिनच्या आत कोण बसतं याचा विचारच केला नव्हता. केबिन आपटली असती तर तिच्याबरोबर ही दोघंही आपटली असती. खताची पोती चढवताना घाम पुसत माझ्या मागच्या टोकावर टेकणारा विरूपाक्ष, आणि माझ्यावर पाकळ्या का होईना पण दर वर्षी पाडणारी उमादेवी. आता मला मोडायचं नव्हतं. पण थांबणं माझ्या हातात कुठे होतं? मी जीव खाऊन करकरले. विरूपाक्ष म्हणाला, "पुन्हा दार वाजायलंय बघ."

देगलूरच्या अलीकडे ते चहाला थांबले. उमादेवी पाय मोकळे करत गाडीच्या मागच्या अंगाला आली आणि ओरडली, "अहो, रंग बघा! नवा रंग पार खरवडून निघालाय!"

हौद्याची पुढची फळी केबिनच्या पाठीला घासत होती. लाल रंगावर वीतभर पांढरा ओरखडा उठला होता. विरूपाक्षचा जीव कळवळला. रंगासाठी हं, माझ्यासाठी नाही. "टायरचा तुकडा घालतो मधी, म्हंजे घासणार न्हाई," असं म्हणून तो तुकडा शोधायला निघालाही.

"थांबा. आधी घासलं कशानं ते तर बघा," उमादेवी म्हणाली. तिनं केबिन आणि हौदा यांच्या फटीत हात घातला. "खाली चार बोटं मावायलीत, वर एक बी न्हाई. हौदा पुढं कलंडलाय. खालचं कायतरी खचलंय."

मग विरूपाक्ष रिकामं पोतं अंथरून माझ्याखाली उताणा झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. माझा एक गंजका पापुद्रा थेट त्याच्या कपाळावर पडला. त्याची नजर माझ्या तड्यावर गेली आणि त्यानं तड्यावरून हळूच बोट फिरवलं.

तिथंच पोती उतरवून ती दुसऱ्या गाडीत भरली आणि विरूपाक्षनं मला एकट्यानंच, पायी चालल्यासारखं, देगलूरला महादेवप्पा वेल्डरकडे नेलं. उमादेवी मिरचीबरोबर मागून आली. महादेवप्पानं हातोडी घेऊन मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिलं. धड जागी मी खणखणीत बोलले, कुजल्या जागी गप्प राहिले.

"अप्पा, वरून एक पट्टी मारून द्या, उदगीर गाठतो," विरूपाक्ष म्हणाला.

"तशी मारून दिली तर पट्टीच्या शेजारी फुटंल, सावकार," महादेवप्पा म्हणाला. "केबिनीत अक्का बसतेत न्हवं तुमच्या? मग दोन दिवस दम धरा."

त्यानं हौदा उचलून बाजूला ठेवला. कारखाना सोडल्यापासून मी पहिल्यांदाच आभाळ पाहिलं. त्यानं माझा गंज घासून पांढरं लोखंड काढलं, तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडलं, मग तो भरला आणि वर जाड पट्टी बसवली. ठिणग्या उडत होत्या. शेजारी मिरचीची पोती होती, त्यामुळे सगळे शिंकत होते. मी मात्र केबिनच्या पाठीवरचा तो ओरखडा बघत होते. मी गळा काढून ओरडले तेव्हा कुणी ऐकलं नाही. तिच्या अंगावर साधा ओरखडा उठला आणि सगळे धावले. तिच्याकडे सगळे बघतात याचाच मला राग होता, आणि तिच्याकडे सगळे बघतात म्हणूनच आम्ही सारे वाचलो. हे कबूल करायला मला जड गेलं. अजूनही जातं.

मित्रांनो, घरी गाडी असेल तर महिन्यातून एकदा पोतं अंथरा आणि तिच्या खाली जा. जी तुमचा भार वाहते तिला हार नकोच असतो, कुणीतरी वाकून विचारपूस केलेली पुरते.

यंदाच्या खंडेनवमीला उमादेवीनं केबिनला हार घातला, नेहमीसारखाच. मग ती नवऱ्याला म्हणाली, "हार घातला म्हंजे झालं का? खाली जावा आधी." विरूपाक्ष काळ्या ऑइलचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्याखाली शिरला. कोपरापर्यंत काळा होत त्यानं माझी एकेक खोबण माखली. तासभर तो बाहेर आला नाही.

वारा अजिबात नव्हता. तरीही वर केबिनचं दार करकरलं. ते पोटात दुखणं मी लगेच ओळखलं. चौदा वर्षं ते माझंच होतं.