तेरेक-बेलचा पहिला ट्रान्सफॉर्मर

दूध थंड करायच्या टाकीचा कॉम्प्रेसर त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळला. सकाळी डेअरीच्या गाडीवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि गाडी वळवली. तेरेक-बेल गावच्या एकोणतीस घरांचं दूध बुरुलचानं बायकांच्या बादल्यांत परत ओतलं. कुणी तिच्याकडे बघेना. दूधसंघ तिनंच उभा केला होता.

दोष टाकीचा नव्हता. संध्याकाळी धारा काढून बायका घरी परतायच्या, घराघरांत विजेच्या शेगड्या लागायच्या आणि विजेचा दाब दोनशेवीस व्होल्टवरून दीडशेवर यायचा. जुन्या लाइनी बदलायला सरकारनं निधी काढलाय असं कळल्यावर बुरुलचानं वायरमनकडून आठवडाभराची मोजणी लिहून घेतली, अकरा पानांचा अर्ज भरला आणि जिल्ह्याच्या गावी गेली.

वीज कचेरीतल्या झानिशनं अर्ज चाळला. पोरगा तिशीचा, पण बोलणं साठीचं; तिला मात्र रीतीप्रमाणे 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, हे नियमात बसत नाही. तुमच्याकडे नवा ट्रान्सफॉर्मर आहे."

"कुठे?"

"तेरेक-बेलमध्ये. सात वर्षं झाली बसवून."

"मी तिथंच राहते, बाळा. आमच्या खांबावर आहे तो माझ्या लग्नाच्या आधीचा आहे."

"तुमच्या खांबावर काय आहे ते मला इथून दिसत नाही. मला कागद दिसतो."

त्यानं फाइल तिच्याकडे फिरवली. ट्रान्सफॉर्मर मिळाला, बसवला, चालू केला. खाली तीन सह्या. पहिली तेव्हाचा गावप्रमुख शार्शेन याची, दुसरी ठेकेदाराची. तिसरी तिची स्वतःची होती.

तिच्या कानशिलात रक्त उसळलं. खोटी आहे म्हणावं असं क्षणभर वाटलं, पण शेवटच्या अक्षराला ती मारते तो फराटा तसाच होता. मग आठवलं. शार्शेनच्या नातीच्या पाळण्याचं जेवण होतं, बुरुलचा कणीक मळत होती. ती तेव्हा ग्रामपरिषदेची सदस्य. शार्शेन कागद घेऊन आला, "इथं, इथं आणि इथं" म्हणाला, आणि तिनं एप्रनला हात पुसून सह्या केल्या होत्या.

बसमधून उतरून ती घरी न जाता थेट शार्शेनकडे गेली. म्हाताऱ्यानं चहा ओतला, पाव आणि साय पुढं सरकवली.

"शार्शेनदादा, ट्रान्सफॉर्मर कुठंय?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "वरून सांगितलं होतं, वर्षअखेर आहे, आधी सही द्या, माल मागून येतोय. आला नाही."

"आणि सात वर्षं तुम्ही तोंड शिवून बसलात?"

"कुणाकुणाशी भांडू? ऐक माझं. 'वाढीव ट्रान्सफॉर्मर' म्हणून अर्ज कर. झानिश माझ्या भाच्याच्या वर्गातला. महिन्यात मंजूर होईल."

"म्हणजे पहिला बसलाय असं मी पुन्हा एकदा लिहून द्यायचं."

"गावाला लाइट हवी, का तुझं सोवळं? खरं लिहिलंस तर मी अडकेन, पण तूही अडकशील. पाव खा."

बुरुलचा उठली. त्या मुलखात पावाचा तुकडा तोंडात न टाकता कुणी घराबाहेर पडत नाही, वैऱ्याच्याही नाही. ती तशीच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना सगळं सांगितलं. सइकालनं बादली खाली आपटली.

"वाढीव तर वाढीव. मला माझ्या दुधाशी मतलब. आणि सही करताना तुला वाचता येत नव्हतं का गं?"

"येत होतं," बुरुलचा म्हणाली. "वाचलं नाही."

शार्शेनवरचा राग तिला पेलत होता. हा दुसरा, स्वतःवरचा, गिळता येईना आणि थुंकताही येईना. त्याच तिरीमिरीत ती अर्ज लिहायला बसली. 'ट्रान्सफॉर्मर बसल्याची सही माझी आहे. ट्रान्सफॉर्मर बसलेला नाही. मी न वाचता सही केली.' वायरमननं खांबावर चढून जुन्या पाटीचा फोटो काढला, त्यावर १९७३ साल स्पष्ट होतं. एक प्रत जिल्ह्याला, एक राजधानीला, एक सरकारी वकिलाला.

पानगळीत चौकशी आली. शार्शेनला आणि तिला तीनदा बोलावलं, ठेकेदार परदेशात निघाला. दूधसंघाचं प्रमुखपद बुरुलचाला सोडावं लागलं आणि ते सइकालकडे गेलं. हिवाळाभर बायका कॅन ओढ्याच्या बर्फात पुरून दूध टिकवत राहिल्या. बुरुलचा दर सोमवारी झानिशसमोर जाऊन बसायची.

"फाइल चौकशीत आहे, एजे. वाढीव लिहिलं असतंत तर एव्हाना..."

"हेच लिहून दे. खोटं लिहिलं असतं तर काम झालं असतं, असं. तुझ्या सहीनं."

त्यानं लिहून दिलं नाही. पण त्यानंतरच्या पाचव्या सोमवारी त्यानं फाइल राजधानीला धाडली, आणि मे महिन्यात क्रेन आली.

नवा ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला. संध्याकाळी वायरमननं टाकीशी दाब मोजला, दोनशे अठरा. बायका हसत होत्या. सइकालनं सायीची वाटी बुरुलचाच्या हातात दिली, माफी वगैरे मागितली नाही. शार्शेनच्या घरातही दिवा लख्ख पेटला होता, आणि ते पाहून बुरुलचाचं पित्त खवळलं.

ती वाटी हातात धरून क्रेनबरोबर आलेल्या इंजिनिअरकडे गेली.

"हा दुसरा. सरकारनं पैसे मोजलेला पहिला कुठं गेला?"

"आता त्याचं काय करायचंय, एजे? लाइट आली ना?"

"मला विचारू नका काय करायचंय. कुठल्या गावात, कुणाच्या गिरणीत चालतोय तो?"

इंजिनिअर हसला आणि गाडीत बसला. बुरुलचा घरी आली, दिव्याखाली कोरा कागद घेतला आणि तोच प्रश्न वरच्या ओळीत लिहिला.