कमलची दांडी

“देवेश, ही बंबल बी आहे. अख्ख्या मुंबईत एकच! हात लावलास तर फॉरेस्टवाले सोसायटीला टाळं ठोकतील,” बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या बांबूकडे बोट दाखवत कुंडलिकने दम दिला.

बांबूच्या भोकातून काळाकुट्ट भुंगा बाहेर आला. सेक्रेटरी देवेश खुर्चीमागे लपला.

बुधवारी इमारतीचं रंगकाम सुरू होणार होतं. सगळ्या बाल्कन्यांतले बांबू काढून स्टीलचे पाइप लावायचा ठराव झाला होता.

“दुर्मिळ असेल तर बघतो, काका,” म्हणत देवेश सटकला. जिन्यातूनच त्याने ग्रुपवर टाकलं: तीनशे दोनमध्ये दुर्मिळ माशी.

संध्याकाळी मुलगी आली. चेतना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने भुंग्याचा फोटो काढून मोठा केला.

“पप्पा, बंबल बी हिमालयात असते. दहिसरला कशाला मरायला येईल? तिच्या अंगावर दाट लव असते. ह्याचं पोट बघा, नुसतं टक्कल. सुतार भुंगा आहे हा.”

“पण धोक्यात असेल ना?”

“कुठे! सुकं लाकूड दिसलं की हा हजर.”

“थोडासा पण नाही?”

चेतना हसली, मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. कुंडलिक दांडीच्या मधोमध अंगठा फिरवत होता. तिथे बांबू गुळगुळीत झाला होता. त्याची बायको कमल अठरा वर्षं तिथेच ओल्या साड्या टाकायची. भुंगा गुणगुणला की म्हणायची, “आला माझा भाडेकरू.” तिला जाऊन आठ महिने झाले होते.

“देवेशला सरळ सांगा ना, आईची दांडी आहे म्हणून.”

“हसतील गं सगळे. बंबल बीच बरी.”

बुधवारी कुंडलिक देवेशच्या शब्दावर विसंबून दाढी करायला खाली गेला. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत दोन तास गेले. परत आला तर दारात देवेश उभा. हातात कॉफीची बरणी, झाकणाला भोकं पाडलेली. आत भुंगा, सोबतीला जास्वंदीचं फूल.

“काका, टेन्शन नॉट! तुमच्या बंबल बीला खरचटलं पण नाही. परांचीवरच्या पेंटरने जिवावर उदार होऊन काढलीय तिला. दोनदा डसली त्याला.”

कुंडलिकने कुलूप काढून आत पाहिलं. बाल्कनीत नवा पाइप चकाकत होता.

“दांडी?”

“ती बाकीच्या बांबूंबरोबर गेली. ट्रक नऊलाच निघाला.”