उंबऱ्याच्या आतल्या चपला

भीमसेनरावांच्या मल्लेश्वरमच्या घरात चपलांना उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. प्लंबर असो की बँकेचा मॅनेजर, ज्याने त्याने पायताण दाराबाहेर काढायचं. चाळीस वर्षं त्यांनी हा नियम डोळ्यांत तेल घालून राखला होता आणि त्याचा त्यांना अभिमानही काही कमी नव्हता.

गेले दोन महिने मात्र सकाळी उठून त्याच घरातल्या गार, टणक ग्रॅनाइटवर पहिलं पाऊल टेकलं, की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येई. मग भिंत धरत, चवड्यांवर चालत ते कसेबसे न्हाणीपर्यंत जात. आपलं चालणं आता संपलं, अशी धास्ती मनात; पण कुणी विचारलंच तर "स्वल्प आखडलंय" म्हणून वेळ मारून नेत. पडलो तरी नाक वर, हा त्यांचा जुनाच बाणा.

सून नीलिमा पुण्याची. तिने एकदाच पाहिलं आणि ओळखलं.

"अण्णा, टाच ना? उठल्यावर पहिली पावलं फार दुखतात, मग जरा कमी होतं?"

"तुला कसं कळलं?"

"मला झालं होतं की. शाल्मलीच्या वेळी." एवढं बोलून ती लेकीचा डबा भरायला वळली.

त्याच आठवड्यात ती त्यांना राजाजीनगरला श्रीविद्या नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. श्रीविद्याने टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला मात्र, भीमसेनराव ओरडलेच.

"टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा दुखावलाय. प्लांटर फॅसायटिस. बरं होतं, पण धीर धरायला हवा," ती म्हणाली. अंथरुणातच तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. "आणि अण्णा, घरात अनवाणी चालायचं नाही. मऊ चपला हव्यातच."

भीमसेनरावांनी चोरून नीलिमाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

आठ वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, हेच तिने त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवली होती. तेव्हा ते म्हणाले होते, "आमच्या घरात चालत नाही ते." पुढे ती ओट्यापाशी एका पायावर भार देऊन उभी राही, तेव्हा ते मनात म्हणत, पुण्याच्या मुलींचे नखरे! जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. भीमसेनरावांना आज कळलं आणि फार लाज वाटली.

तीन आठवडे त्यांनी व्यायाम इमानेइतबारे केले, पण चपलांचं नाव काढलं नाही. जे हिला नाकारलं, ते स्वतःसाठी कोणत्या तोंडाने मागायचं? दुखणं अर्धं उतरलं आणि तिथेच अडून बसलं.

शेवटी एका शनिवारी ते ऑटो करून बाजारात गेले आणि मऊ तळाच्या चपलांचे दोन जोड घेऊन आले. एक उंबऱ्याच्या आत ठेवून पायात घातला. दुसरा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले.

नीलिमा आधी त्यांच्या पायांकडे आणि मग हातातल्या जोडाकडे बघतच राहिली. "अण्णा, माझं तर केव्हाच बरं झालं."

"ठाऊक आहे. तेव्हाच द्यायला हव्या होत्या. माझं चुकलं, नीलिमा."

तिने ओट्याला धरून एकेक पाय चपलेत घातला आणि पदर नव्हता म्हणून कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले. "नंबर बरोबर आहे. कसा कळला तुम्हाला?"

"सगळ्यांच्या चपला दाराबाहेर राखत कोण बसलंय इतकी वर्षं?"

ती खळखळून हसली. भीमसेनरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. टाच मात्र सावकाश बरी झाली, तिने आणखी दोन महिने घेतले.

मग एका सकाळी ते न्हाणीतून परतले आणि त्यांच्या लक्षात आलं, की जाताना किंवा येताना आपण भिंत धरलीच नाही. ही बातमी सांगायला ते चपलांसकट थेट स्वयंपाकघरात गेले.